डावीकडं फॅट, उजवीकडं वाळू

मळीच्या खालच्या अंगाला, आमच्या मोटरीपासून वीस पावलांवर
मगरीनं वाळू उकरली ती धुळवडीच्या रात्री.
सकाळी सुबराव आंबीनं होडीतूनच हाळी दिली,
"वैनी, वावरात भाडेकरू आलाय तुमच्या."

मग कॉलेजातनं शकीला मुलाणी आली,
तारेचं शेपूट असलेला तापमापक घेऊन.
सुबराव काठी धरून पाण्याकडं तोंड करून उभा,
तिनं शेपूट वाळूत पुरलं, तार ओढली मोटरीच्या पेटीपर्यंत.
म्हणाली, तुम्ही येताच रोज बटण दाबायला,
तेवढा आकडा लिहा. सकाळचा, आणि दिवेलागणीचा.
वही नव्हती. डेअरीच्याच वहीत लिहायला लागले,
डावीकडं फॅट, उजवीकडं वाळू.

तिनंच सांगितलं, बांधावर बसून उसाचं कांडं सोलताना:
मगरीच्या पोटात पोरगा-पोरगी ठरत नाही.
अंडं नुसतं अंडं असतं.
ठरवते वाळू.
एकतीसला साऱ्या माद्या.
साडेबत्तीसच्या आसपास नर.
त्याच्यावर गेलं की पुन्हा माद्या निघायला लागतात,
आणि फारच तापली तर आतल्या आत शिजून जातात.
म्हणजे अंश-दीड अंशाची गोष्ट.
मी हसले. म्हटलं, दवाखान्याच्या दारावर पाटी असते,
इथं गर्भलिंग सांगितलं जात नाही.
इथं कुठं लावायची?

एप्रिलात चपलेला डांबर चिकटायला लागलं.
म्हशी डोहातनं निघेनात, हाका मारून घसा बसला.
खुडूक कोंबडी अंड्यांवरनं उठली
आणि चोच उघडी टाकून माठाच्या ओलीत जाऊन बसली.
फॅट सहा-आठवरनं सहावर.
वाळू तेहतीस. तेहतीस दशांश दोन.

माझं माहेर जतचं. मी मे महिन्यातली,
पत्र्याच्या खोलीतली, खिडकीला ओलं पोतं.
आई सांगते, तू रडली नाहीस, नुसती धापत होतीस.
धाकटी इंदुबाला झाली पाटणला, मामाकडं, आषाढात,
तिला अजून लग्नाच्या मांडवात चक्कर येते.
मला इथं नदीकाठच्या थंडीत दोन वाकळा पुरत नाहीत.
आम्हालाही कुणीतरी किती अंशावर पुरलं होतं?
हे शकीलाला विचारायचं राहिलं.

एका दुपारी आकडा बघून राहवेना.
पाइप हातात होता. पाणी चालू होतं.
दोन मिनिटं तिकडं धरला असता, तर
कुणाला काय करायचं ते माझ्या अंगठ्याखाली.
आणि ती समोर, डोळे तेवढे पाण्याबाहेर,
तीही बघत होती, की नव्हती.
पाइप उसात सोडला. हात मात्र दिवसभर
दुसऱ्याच्या घरचं दार उघडून आल्यासारखे.

आठवड्यानं कोयनेतनं पाणी सोडलं.
कुठल्या ऑफिसात, कुणाच्या सहीनं, ठाऊक नाही.
रात्रीत नदी फुगली, घरट्यापासून तीन हातांवर येऊन थांबली,
वाळूनं खालनं ओल प्यायली.
सकाळी पेटी उघडली तर एकतीस दशांश चार.
मी दोनदा पुसून बघितलं.
शकीलाला फोन केला. ती बराच वेळ गप्प,
मग म्हणाली, ठरायचे दिवस बहुतेक होऊन गेले असतील.
मग म्हणाली, बहुतेक.

रोहिणी निघायच्या आधी वाळूतनं आवाज आला,
बदकाच्या पिल्लाचा असावा तसा, पण पुरलेला.
ती संध्याकाळीच वर आली. आम्ही बांधामागं.
पंजानं उकरलं, आणि त्या तसल्या जबड्यात
एकेक उचलून नेलं, दुधाचा कॅन हिंदकळू नये तशा चालीनं.
सतरा मोजली सुबरावनं. बाकीची अंडी तशीच राहिली.
"पोरं किती, पोरी किती, वैनी?"
वर्षं जावी लागतात म्हणे, दिसायला.

महिनाअखेरीला डेअरीच्या सेक्रेटरीनं वही उघडली,
चष्मा वर केला, खाली केला.
"हे उजवीकडचं काय?
ह्याचं बिल निघत नाही बघा."